खोटे न बोलणाऱ्या पऱ्या



या वेळी आम्ही जरा वेगळ्या विषयावर लिहिणार आहोत. झाले असे की आमच्या भाच्याची मुलगी गोंदियाहून सुटीत गावी आली आणि तिच्या पिशवीतून एक जाडजूड इंग्रजी पुस्तक निघाले. मुखपृष्ठावर मुकुट होता. नाव 'द क्रूएल प्रिन्स', म्हणजे निर्दय राजपुत्र. पोरीचे बारावीचे वर्ष. शिकवणीची फी भरता भरता बापाच्या नाकी नऊ आलेले. त्यात ही रात्री एक वाजेपर्यंत दिवा लावून पऱ्यांची गोष्ट वाचत बसलेली. भाचा आमच्याकडे आला आणि म्हणाला, "मामा, ज्या घरातून आपण भूतपरी झाडून काढल्या, त्याच घरात ही पैसे मोजून परत आणून राहिली. तुम्ही तिला समजावून सांगा."

भाच्याचे म्हणणे आम्हाला झोंबले, कारण त्यामागे आमच्या घराचा इतिहास आहे. तो पुढे सांगूच. परंतु न वाचता पुस्तकावर रागवायचे हे आमच्या शिक्षकी पेशाला शोभणारे नव्हते. आम्ही पोरीकडून पुस्तक मागून घेतले, कपाटातला जुना शब्दकोश काढला आणि नऊ रात्री बसून ते वाचून संपविले. त्या नऊ रात्री आमच्या खोलीतलाही दिवा एक वाजेपर्यंत जळत होता, हे भाच्याला अजून ठाऊक नाही.

लेखिका हॉली ब्लॅक, अमेरिकेच्या. पुस्तक 2018 सालचे, आणि त्याचे पुढचे दोन भाग 2019 साली आले. परी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पांढरे पंख, हातात छडी, मुलांना खाऊ देणारी बाई येते. या पुस्तकातल्या पऱ्या तशा नाहीत. त्या टेकडीच्या पोटात राहतात, म्हाताऱ्या होत नाहीत, देखण्या असतात आणि काळजाने दगड. त्यांच्याकडचे फळ माणसाने खाल्ले की त्याचे भान जाते. त्यांनी मंत्र घातला की माणूस पाय झिजेपर्यंत नाचतो. ज्यूड नावाची सात वर्षांची मुलगी आणि तिच्या दोन बहिणी आईबापांसह आपल्या जगात सुखाने राहत असतात. एक दिवस परीराज्याचा सेनापती मॅडॉक दारात येतो, मुलींच्या डोळ्यांदेखत आईबापांना तलवारीने मारतो आणि तिघींना घेऊन जातो. थोरली त्याचीच मुलगी असते. धाकट्या दोघी जुळ्या, त्या माणसाच्या. पण त्यांनाही तो आपल्या घरी वाढवतो, सरदारांच्या पोरांबरोबर शिकायला पाठवतो. खुन्याच्याच ताटात जेवत दहा वर्षे जातात. इथून गोष्ट सुरू होते.

शाळेचे प्रसंग वाचताना आम्ही पुस्तक दोनदा मिटून ठेवले. राजाचा धाकटा मुलगा कार्डन आणि त्याचे मित्र या दोघी बहिणींना छळतात. त्यांच्या जेवणात पायाने माती उडवितात. नदीत ढकलतात, जिथे माणसे खाणाऱ्या जलपऱ्या आहेत. आणि कारण काय? ज्यूडने काही केलेले नसते. ती माणसाच्या पोटी जन्मली, म्हणजे ती मरणार, म्हणजे ती हीन. अभ्यासात ती वरचढ निघाली तर गुन्हा आणखी मोठा. आपल्यातल्या साठीपलीकडच्या वाचकांना अन्नात माती आणि पाण्यावरून मार हे शब्द नवे नाहीत. आमच्या नातीने तर हे वाचलेले नाही, ऐकलेले आहे. तरी ती म्हणाली, "आबाजी, ही पोरगी मला आपलीच वाटते." आम्ही काही बोललो नाही. पण भाच्याची तक्रार तिथेच अर्धी झाली होती.

त्याहून खोल जाणारा एक भाग आहे. परीराज्यातल्या एका राजपुत्राच्या वाड्यात माणसे नोकर म्हणून राबतात. त्यांच्यावर मंत्र घातलेला आहे. त्यांना थकवा कळत नाही, भूक कळत नाही, हात फुटले तरी कळत नाही. मजुरी मागण्याचे त्यांना सुचतच नाही. वेठबिगारीचे इतके नेमके चित्र आम्ही अलीकडे वाचले नव्हते. 1928 साली बाबासाहेबांनी मुंबईच्या कायदेमंडळात महार वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचे विधेयक मांडले, तेव्हा त्यांच्यापुढची मोठी अडचण सरकार एवढीच नव्हती. वतन हा आपला मान आहे असे मानणारे आपल्यातलेच लोक होते. भारलेल्या माणसाला साखळी लागत नाही. लेखिकेने आपले बाबासाहेब वाचले असतील असे आम्ही म्हणत नाही. पण जन्मावरून माणसाला खाली ढकलणारी व्यवस्था कशी चालते हे तिला कळले आहे.

आता आमचा आक्षेप. ज्यूडला त्या दरबारात जागा हवी आहे, तो दरबार मोडायचा नाही. आधी तिला सरदार व्हायचे असते. ते जमत नाही म्हणून ती एका राजपुत्राची हेर होते, खोटे बोलते, माणसेही मारते. अपमान झालेल्याने अपमान करणाऱ्यांच्या पंगतीत जाऊन बसणे म्हणजे मुक्ती नव्हे, असे आम्ही नातीला सांगितले. ती म्हणाली, "आबाजी, ती सतरा वर्षांची आहे आणि एकटी आहे. तिच्यामागे चळवळ कुठे आहे?" हे उत्तर आम्हाला पुरेसे वाटले नाही, पण खोडताही आले नाही.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर, आणि मुली असलेल्या घरांनी तो ध्यानात घ्यावा. जो मुलगा ज्यूडला छळतो, त्याच्याच मनात ती भरलेली असते, असे पुढे निघते. छळ म्हणजे लपलेले प्रेम, हा धडा आपल्याकडचे सिनेमे पन्नास वर्षे शिकवीत आले आहेत. कॉलेजच्या रस्त्यावर मागे लागणाऱ्या पोरांनी तो तिथूनच उचलला. परीराज्याचा धोका आम्हाला कुठे वाटला असेल तर तो इथे. ज्यूड मात्र त्याच्या पाया पडत नाही. ती त्याच्या गळ्याला सुरी लावते आणि शेवटी एक वर्ष आणि एक दिवस आपली आज्ञा पाळण्याच्या शपथेत त्याला बांधून घेते. नातीचे म्हणणे की इथेच हिशेब पुरा होतो. आमचे म्हणणे की होत नाही. या मुद्द्यावर आमचे दोन दिवस बोलणे बंद होते. पुस्तकात खून, मद्य, चुंबने आहेत. पंधरा वर्षांखालच्या मुलांच्या हाती ते देऊ नये. त्यावरच्या मुलांना द्यावे, पण आपणही वाचून त्यांच्याशी भांडावे.

यावर कोणी म्हणेल की पऱ्यांचे हे खूळ परदेशी आहे. तसे नाही. आमच्या घरात पाली जातकांची भाषांतरे आहेत. त्यातले वालाहस्स जातक आम्ही नातीपुढे ठेवले. पाचशे व्यापाऱ्यांचे जहाज ताम्रपर्णी बेटाजवळ फुटते. किनाऱ्यावर नटलेल्या, कडेवर मुले घेतलेल्या, जेवण घेऊन आलेल्या बाया भेटतात. लांबवर नांगर चाललेले, गुरे चरताना दिसतात. सगळे मानवी गाव वाटावे असे, आणि सगळे फसवे. त्या यक्षिणी असतात. आधीच्या व्यापाऱ्यांना त्यांनी साखळ्यांनी डांबून ठेवलेले असते आणि रात्री उठून त्या त्यांना खातात. व्यापाऱ्यांच्या प्रमुखाला ते कशावरून कळते? रात्री उठून परत आलेल्या बायकोचे अंग गार लागते, यावरून. ना दैवी आवाज, ना स्वप्न. एका माणसाने हात लावून पाहिले आणि विचार केला. तो सर्वांना सांगतो. निम्मे म्हणतात, आम्हाला हे घर सोडवत नाही. एक पांढरा उडणारा घोडा येतो, कोणाला घरी जायचे आहे असे तीनदा विचारतो आणि निघू पाहणाऱ्या अडीचशेंना पैलतीरी नेतो. राहिलेले अडीचशे खाल्ले जातात.

हीच कथा थोड्या वेगळ्या रूपात, सिंहल अवदान म्हणून, अजिंठ्याच्या 17 क्रमांकाच्या लेण्यात उजव्या भिंतीवर रंगविलेली आहे. तिच्यात यक्षिणी सिंहलाचा पाठलाग करीत त्याच्या देशात येते, राजाला भुलविते आणि राजवाडाच खाऊन टाकते. मग सिंहल राजा होतो आणि सैन्य घेऊन ते बेट जिंकतो. हे लेणे पाचव्या शतकातले, वाकाटक राजा हरिषेणाच्या काळातले. त्याची राजधानी वत्सगुल्म, म्हणजे आपल्या विदर्भातले आजचे वाशीम. तेव्हा धोकादायक परीराज्याची गोष्ट अमेरिकेहून येण्याआधी दीड हजार वर्षे ती आमच्या भिंतीवर होती. आपली माणसे सहलीने अजिंठ्याला जातात, पद्मपाणीपुढे फोटो काढतात आणि 17 नंबरमधून भराभर बाहेर पडतात. पुढच्या वेळी उजव्या भिंतीपाशी थांबावे.

आणखी एक तेलपत्त जातक. तक्षशिलेला निघालेला राजकुमार आणि पाच सोबती यक्षिणींच्या रानातून जातात. एकेक सोबती एकेका मोहाने मागे राहतो. एक रूपाने, एक गाण्याने, एक सुगंधाने, एक जेवणाच्या चवीने, एक मऊ बिछान्याने. परीराज्यातले भान घालविणारे फळ वाचले तेव्हा आम्हाला तो चवीने फसलेला चौथा सोबती आठवला.

आमच्या भागाचे काय? आमचे गाव अर्जुनी-मोरगाव तालुक्यात, नवेगाव बांधच्या अंगाला. अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी यांनी तो तलाव बांधला असे सांगतात. पुढे लोकांनी त्यांचाच कोलासुर देव केला. तलावाभोवतीच्या डोंगरांना सातबहिणी म्हणतात, कारण सात बहिणींनी बांध पुरा करायला मदत केली अशी कथा आहे. लहानपणी आम्हालाही ती आवडे. पुढे शाळेत शिकवू लागलो तेव्हा एका मुलाने विचारले, "गुरुजी, मग माती कोणी वाहिली?" ज्यांनी टोपल्या वाहिल्या त्यांची नावे कुठे नाहीत, आणि न दिसलेल्या सात बहिणींच्या नावाने डोंगर उभे आहेत. तो मुलगा पुढे पाटबंधारे खात्यात लागला.

सालेकसा तालुक्यातल्या कचारगडाची गोष्ट मात्र आम्ही या यादीत घालणार नाही. गुहेत कोंडलेली कली कंकालीची मुले, त्यांना सोडविणारा पारी कुपार लिंगो आणि गाण्याने शिळा हलविताना तिच्याखाली प्राण गेलेला हिरासुका पाटालीर ही गोंड समाजाची श्रद्धा आहे. माघ पौर्णिमेला शेजारच्या राज्यांतूनही लोक तिथे येतात. नातीने विचारले, "तीही परीकथाच ना?" आम्ही म्हटले, ज्यांची गोष्ट आहे त्यांनाच ते ठरवू दे.

आणि चकवा. नवेगाव-नागझिऱ्याच्या रानात रात्री वाट चुकलेला माणूस फिरून फिरून त्याच मोहाच्या झाडाखाली येतो, त्याला चकवा लागला म्हणतात. उपाय असा की जागचे हलू नये, बिडी पेटवावी आणि उजाडण्याची वाट पाहावी. 2009 साली जर्मनीतल्या मॅक्स प्लांक संस्थेच्या संशोधकांनी माणसांना घनदाट जंगलात आणि सहाराच्या वाळवंटात सरळ चालायला सांगितले. सूर्य किंवा चंद्र दिसत होता तोवर ती सरळ चालली. ढग आले, चंद्र मावळला, की ती नकळत गोल फिरू लागली, आणि आपण सरळच चाललो आहोत अशी त्यांची खात्री होती. म्हणजे चकवा खरा, चकविणारे कोणी नाही. आणि आमच्या वाडवडिलांचा उपायही, बिडी सोडली तर, बरोबर.

आता घरची गोष्ट. आमची थोरली बहीण, जिला आम्ही सगळे मोठीबाई म्हणतो आणि जी या मुलीची आजी, आज ऐंशीच्या घरात आहे. 1961-62 चा सुमार असेल. आमच्या घराने दीक्षा घेऊन पाच वर्षे झाली होती. देव्हारा उचलला होता, भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब आले होते. मोठीबाई तेव्हा पंधरा वर्षांची. विहिरीवर पाणी भरताना ती एकाएकी पडली, हातपाय ताठ झाले, तोंडाला फेस आला. बायांनी सांगितले, पाण्यावरच्या आसरा लागल्या, पऱ्यांनी धरली. आमच्या वडिलांनी बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ केलेल्या होत्या. पण लेकीला दुसऱ्यांदा झटका आला आणि रात्री अंधारात ते तिला मांत्रिकाकडे घेऊन गेले. लिंबू, कोंबडी, मग पैसे, मग मिरचीची धुरी. सात महिने हे चालले. त्यातच एकदा चुलीपुढे झटका आला आणि तिचा उजवा हात निखाऱ्यात गेला. ती बोटे आजही सरळ होत नाहीत. त्यानंतर वडिलांनी तिला सरकारी दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी मिरगी सांगितली, फेनोबार्बिटोनच्या गोळ्या दिल्या आणि दोन महिन्यांत झटके थांबले. वडील त्या सात महिन्यांबद्दल मरेपर्यंत बोलले नाहीत. आम्ही त्यांना दोष देत नाही. प्रतिज्ञा एका दिवसात घेता येते, भीती निघायला पिढी लागते.

मिरगी हा मेंदूचा आजार आहे, त्यात मेंदूतल्या विजेच्या लहरींचा तोल क्षणभर बिघडतो. योग्य औषध वेळेवर मिळाले तर 70 टक्क्यांपर्यंत रुग्ण झटक्यांविना जगू शकतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. झटका आलेल्याला कुशीवर वळवावे, जवळची टोकदार वस्तू आणि विस्तव दूर करावा, दातांत चमचा घालू नये, चप्पल हुंगवू नये. आणि भूत उतरविण्याच्या नावाखाली मारहाण करणे किंवा मिरचीची धुरी देणे हा 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. त्या कायद्यासाठी झगडणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात खून झाला, आणि त्यानंतर कुठे तो अमलात आला.

भाच्याचा राग या हातावरचा आहे. म्हणून त्याला आम्ही हसण्यावारी नेले नाही. आम्ही त्याला एवढेच म्हटले की मांत्रिक आणि कादंबरीकार यांत फरक आहे. मांत्रिक सांगतो की हे खरे आहे, आणि कोंबडी मागतो. कादंबरीकार आधीच कबूल करतो की हे रचलेले आहे, आणि पुस्तकाची छापील किंमत घेतो. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' लिहिताना म्हातारा, आजारी आणि प्रेत पाहून सिद्धार्थाने घर सोडले ही कथा बुद्धीला पटत नाही म्हणून बाजूला ठेवली, कारण ती इतिहास म्हणून सांगितली जात होती. कथा कथा म्हणून येते तेव्हा तिला वेगळा प्रश्न विचारावा लागतो. भाचा ऐकून उठून गेला. पटले की नाही ते सांगितले नाही.

पटविले ते मोठीबाईने. नात रात्री जेवणानंतर आजीच्या खाटेवर बसून एकेक प्रकरण मराठीत सांगू लागली. आम्ही पडवीतून ऐकत होतो. परीराज्यातल्या लोकांना एक मोठी अडचण आहे. ते शब्द फिरवितात, अर्धे सांगतात, फसवितात, पण त्यांना सरळ खोटे बोलताच येत नाही. खोटे फक्त माणसाला बोलता येते. मोठीबाईने हे दोनदा विचारून घेतले.

"खोटं बोलताच येत नाई त्याईले?"

"नाही आजी."

"मंग माह्या अंगात पऱ्या आहेत म्हनून सांगे तो मांत्रिक, तो काई परी नोहता बाप्पा. मानूसच होता."

आणि ती हसायला लागली. साठ वर्षांत त्या प्रकरणावर तिला हसताना आम्ही पहिल्यांदा पाहिले. भाचा दारातच उभा होता.

ज्यूड मंत्रापासून बचाव म्हणून खिशात मीठ बाळगते, हेही मोठीबाईला आवडले. तिने नातीला सांगितले, आमच्याकडे तर मीठ ओवाळून चुलीत टाकत, तुझी पोरगी हुशार, जेवणात टाकून खाते.

पहिला भाग त्या शपथेवर संपतो. दुसरा भाग भाच्यानेच नागपूरहून मागविला, बारावीची परीक्षा झाल्यावर द्यायचा या अटीवर. तो सध्या आमच्या कपाटात कुलपात आहे. मोठीबाई रोज संध्याकाळी आम्हाला विचारते, त्या पोराचे वर्ष आणि एक दिवस भरायला अजून किती राहिले, आणि किल्ली कुठे ठेवली आहे.